इटालियन कथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

ओसरी
नमस्कार मंडळी. एलेना फेरान्तेची नेपल्सवरची चारही पुस्तकं ॲन गोल्डस्टीनच्या इंग्रजी भाषांतरातून वाचून झाली आणि आता पुढे काय, असं झालंय. त्याच देशातलं आणखी वाचायचंय, पण लगेच पुन्हा चार खंडांचा संसार नको. कथा हव्यात. डोंबिवली ते सीएसएमटी एवढ्या वेळात एक संपावी इतपत (बसायला मिळालं तर). काल्विनोचं 'इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर' मैत्रिणीने दिलं होतं. दर दोन प्रकरणांनी नवीच कादंबरी सुरू होते म्हटल्यावर वैतागून ठेवून दिलं. तेव्हा तसले खेळ सध्या नकोत. मराठीत जीए आवडतात, ग्रामीण कथाही आवडते. इंग्रजी भाषांतर चालेल.

तळटीप
सरळ उत्तर: 'द पेंग्विन बुक ऑफ इटालियन शॉर्ट स्टोरीज', २०१९. संपादन झुंपा लाहिरी यांचं. त्या २०१२ मध्ये रोमला राहायला गेल्या, इटालियनमध्ये लिहायला लागल्या आणि त्यातूनच हे पुस्तक आलं. ४० लेखक, प्रत्येकाची एक कथा आणि कथेआधी लेखकाची पान-दीड पानाची ओळख. त्या ओळखीसुद्धा वाचण्यासारख्या आहेत.
एक गंमत म्हणजे क्रम लेखकांच्या आडनावांच्या वर्णक्रमाने लावलाय, पण उलटा. व्हित्तोरिनी पहिला आणि आल्वारो शेवटचा. त्यामुळे काळाचा क्रम शोधू नका, कुठूनही उघडा.

कोरडवाहू
तळटीप, तुमचं पुस्तक उत्तम आहे, पण सुरुवातीला नको. ४० लेखकांची एकेक कथा वाचून कुणाशीच ओळख होत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना नमस्कार करून आल्यासारखं होतं.
ओसरीताई, ग्रामीण कथा आवडते म्हणालात ना? मग सिसिलीला जा. एका बेटाने इतके कथाकार दिलेत की वर्षभर दुसरीकडे बघायला नको. सुरुवात जोव्हान्नी वेर्गापासून. त्याचा 'विता देई काम्पी' हा संग्रह १८८० चा. त्यातली 'रोस्सो मालपेलो' वाचा. लाल केसांचा पोरगा, म्हणून तो वाईटच असणार हे गावाने आधीच ठरवून टाकलंय. वाळूच्या खाणीत काम करतो, त्याच खाणीत बाप गाडला गेलाय. हा पोरगा गाढवाला मारतो आणि आपल्याहून दुबळ्या, लंगड्या मित्रालाही मारतो, कारण जगात मार खाणं आणि मारणं एवढंच असतं हे त्याला लवकर शिकवायला हवं असं त्याला मनापासून वाटतं. वेर्गा स्वतः जमीनदार घरातला, पण कथा सांगतो ती गावाच्या तोंडून, त्या गावाच्या सगळ्या दुष्ट समजुतींसकट. कुठेही 'अरेरे' म्हणत नाही. म्हणूनच ती जास्त लागते.
ती संपली की लगेच पिरान्देल्लोची 'चाउला' वाचा. इंग्रजीत 'चाउला डिस्कव्हर्स द मून' अशा नावाने मिळते. हीही खाणीचीच कथा, पण गंधकाच्या. सिसिलीत गंधकाच्या खाणींत लहान मुलांना पाठीवर दगड वाहायला लावत. घरच्यांना आगाऊ पैसे द्यायचे आणि ते फिटेपर्यंत पोरगा मालकाचा. चाउला आता पोरगा राहिलेला नाही, तिशी ओलांडलीय, पण बुद्धी पोराचीच. त्याला खाणीतल्या काळोखाची भीती वाटत नाही, तो काळोख त्याच्या ओळखीचा आहे. भीती वाटते ती बाहेरच्या रात्रीची. पुढचं सांगत नाही, नावातच आहे म्हणा.
पिरान्देल्लोला ही खाण पुस्तकातून कळलेली नव्हती. वडील गंधकाच्या धंद्यात होते. १९०३ मध्ये खाणीत पाणी शिरलं, वडिलांचे पैसे गेले, बायकोचा हुंडाही त्यातच गुंतवलेला होता. त्या धक्क्याने बायकोचं मानसिक आजारपण सुरू झालं. त्यानंतर हा माणूस पोटासाठी झपाट्याने लिहीत राहिला. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ कथा लिहायचा त्याचा बेत होता. २४० च्या आसपास झाल्या. आपल्याकडे त्याचं नाव नाटककार म्हणून घेतात (नोबेल १९३४), पण मला विचाराल तर कथाच मोठ्या.

भरतीची वेळ
कोरडवाहू यांना +१. फक्त सिसिलीची तिसरी पायरी राहिली. लिओनार्दो शाशा, 'द वाइन-डार्क सी'. हाही राकालमुतो नावाच्या गंधकाच्या गावातला. त्या संग्रहातली 'द लाँग क्रॉसिंग' ही कथा चोरून अमेरिकेला निघालेल्या शेतकऱ्यांची. माणशी अडीच लाख लिरा, अर्धे बोटीत चढताना, अर्धे उतरल्यावर. घरदार, जनावरं विकून पैसे उभे केलेले. ११ रात्री समुद्रात. शेवट कुणालाही विचारू नका आणि इथे कुणी लिहिलात तर मी संपादकांकडे तक्रार करेन. आठ-दहा पानांची कथा आहे, कल्याणच्या गाडीत ठाण्याच्या आत संपेल. आखाती देशांत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे कथा परकी वाटतच नाही.

ओसरी
वा, तिन्ही नोंदवून ठेवली. पण खाण, खाण आणि फसवणूक! सकाळी सात अठराच्या गाडीला जरा हलकंही काही हवंय हो.

पुस्तकवेडी_मावशी
मग त्याच काल्विनोचं 'मार्कोव्हाल्दो' घे बाई. चिडलीस तो काल्विनो वेगळा, हा वेगळा. उत्तरेतल्या एका कारखान्यांच्या शहरात मार्कोव्हाल्दो हमाली करतो, बायको, पोरंबाळं, भाडं थकलेलं. पण याचं लक्ष कुठे, तर ट्रामच्या थांब्याजवळ मातीतून वर आलेल्या अळंबीकडे. पहिलीच कथा ती. अळंबी पिकल्यावर गुपचूप काढायची असा याचा बेत, मग काय होतं ते वाच, दवाखान्यापर्यंत जातं प्रकरण. एकूण २० कथा, वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा असे ऋतू पाच वेळा फिरून येतात. मूळ पुस्तक १९६३ चं, इंग्रजी भाषांतर विल्यम वीव्हरचं. वरवर विनोदी, पण गरिबीची टोचणी एकाही कथेत सुटत नाही. काल्विनोची आई वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वडील शेतीशास्त्रज्ञ होते, ते जाणवतं. झाडापाल्याबद्दल असं लिहिणारा माणूस शहरात नुसता पाहुणा असतो.
आणि घरात मुलं असतील तर त्याचंच 'इटालियन फोकटेल्स' आण. १९५६ साली त्याने वेगवेगळ्या प्रांतांतल्या २०० लोककथा निवडून स्वतःच्या भाषेत लिहिल्या. रोज रात्री एक.

तिरकी_रेघ
जीए आवडतात म्हणालात आणि अजून बुत्सातीचं नाव कुणी घेतलं नाही? दिनो बुत्साती, मिलानच्या 'कोर्रिएरे देल्ला सेरा'मध्ये आयुष्यभर पत्रकार. त्याची 'सेव्हन फ्लोअर्स' वाचा. एक माणूस किरकोळ दुखण्यासाठी सात मजली रुग्णालयात दाखल होतो. सगळ्यात वरचा मजला किरकोळ आजाऱ्यांचा, जसजसं खाली जावं तसतसे अधिक गंभीर. याला एका बाईसाठी खोली हवीय म्हणून तात्पुरतं एक मजला खाली यायची विनंती होते. कारण दर वेळी क्षुल्लक आणि सभ्य असतं, हीच यातली भीती. नियती वगैरे शब्द न वापरता नियती.
कादंबरीला हात घालायचा झाला तर 'द टार्टर स्टेप', १९४०. वाळवंटाच्या कडेला एका किल्ल्यात तरुण अधिकारी रुजू होतो आणि शत्रूची वाट बघतो. एवढंच. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळीमागून रात्रपाळी करताना ती सुचल्याचं बुत्सातीनेच सांगितलंय. सरकारी नोकरी केलेल्या माणसाने वाचली तर दोन दिवस बोलणार नाही. जुनं भाषांतर स्टुअर्ट हूडचं. लॉरेन्स व्हेनुतीचं नवं भाषांतर 'द स्ट्राँगहोल्ड' या नावाने २०२३ मध्ये आलंय. जुनं सहज मिळालं तर तेच घ्या, नव्यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.

कोरडवाहू
बुत्साती चांगला, पण जीएंशी तुलना ओढूनताणून वाटते. जीएंच्या माणसांना भूतकाळ असतो, बुत्सातीच्या माणसांना फक्त पत्ता असतो.

तिरकी_रेघ
पत्ता तरी असतो. :)

पुस्तकवेडी_मावशी
भांडा तुम्ही. ओसरी, फेरान्ते आवडली तर बायकांचं लेखन टाळून पुढे जाऊच नकोस, वरची सगळी यादी पुरुषांचीच झालीय.
आन्ना मारिया ओर्तेसेचं १९५३ चं पुस्तक, इंग्रजीत 'ईव्हनिंग डिसेंड्स अपॉन द हिल्स', भाषांतर ॲन गोल्डस्टीन आणि जेनी मॅक्फी यांचं. अमेरिकेत 'निओपॉलिटन क्रॉनिकल्स' नावाने मिळतं, दोन्ही एकच, दोनदा विकत घेऊ नकोस. त्यातली पहिली कथा चष्म्याची. एउजेनिया नावाची जवळजवळ आंधळी मुलगी, नेपल्सच्या तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत राहणारी. आत्या आठ हजार लिरांचा चष्मा करून देते आणि ते पैसे ती शंभरदा बोलून दाखवते. चष्मा येईपर्यंतच्या तिच्या आनंदातच कथेचा बराचसा भाग जातो. मग चष्मा येतो आणि आपण राहतो ती चाळ तिला पहिल्यांदा दिसते. फेरान्तेच्या मोहल्ल्यात शिरण्याआधी हे वाचलं असतं तर, असं मला वाटून गेलं. पुस्तकात पुढे नेपल्समधल्या लेखक मंडळींवरही तिने लिहिलंय, ती मंडळी भयंकर दुखावली.
दुसरी नातालिया गिन्झबुर्ग. 'द ड्राय हार्ट' ही जेमतेम शंभर पानांची कादंबरिका. बायकोने नवऱ्याला गोळी घातली हे पहिल्याच पानावर कळतं, उरलेल्या पानांत का ते. आरडाओरडा नाही, एकही अवजड वाक्य नाही. 'फॅमिली लेक्सिकॉन' तिच्या माहेरच्या माणसांवर आहे, सगळं खरं, तरी कादंबरीसारखं वाचा असं तिने प्रस्तावनेत बजावलंय. तिचा पहिला नवरा लेओने १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यात असताना रोमच्या तुरुंगात छळाने गेला. पुस्तकात ते इतक्या थोडक्यात येतं की तू पान उलटून मागे जाशील.

नाममात्र
'डेकॅमेरॉन' कसं काय राहिलं? कथा म्हटलं की बोकाच्चो. १३४८ ची प्लेगची साथ, फ्लॉरेन्सबाहेर पळालेल्या सात मुली आणि तीन मुलगे, दहा दिवस, १०० गोष्टी.

तळटीप
राहिलं नाही, मुद्दाम ठेवलं होतं. सलग वाचायला घेतलं तर दुसऱ्या दिवसाच्या गोष्टींपर्यंत उत्साह टिकतो. पण ओसरी नेपल्सवाल्या आहेत, तर त्यांनी दुसऱ्या दिवसातली पाचवी गोष्ट वाचावीच. पेरुजाचा आंद्रेउच्चो पाचशे सोन्याची नाणी घेऊन घोडे घ्यायला नेपल्सच्या बाजारात येतो आणि एका रात्रीत त्याला शहर काय ते कळतं. संडासात पडण्यापासून आर्चबिशपच्या थडग्यात अडकण्यापर्यंत सगळं आहे. वेन रेबहॉर्नचं २०१३ चं भाषांतर वाचायला सोपं जातं.

भरतीची वेळ
थोडं अवांतर. इटालियन लेखक आपल्याकडे येतो तेव्हा काय दिसतं, हे बघायचं असेल तर आंतोनिओ ताबुक्कीचं 'इंडियन नॉक्टर्न', १९८४, भाषांतर टिम पार्क्स. एक माणूस हरवलेल्या मित्राला शोधत मुंबईत उतरतो, तिथून मद्रास, तिथून गोवा. सुरुवातीलाच कथेत येणाऱ्या ठिकाणांची यादी दिलीय, त्यात ब्रीच कँडी रुग्णालय आहे, ताज आहे, स्टेशनवरच्या विश्रांतीच्या खोल्या आहेत. ताबुक्की पोर्तुगीज साहित्याचा प्राध्यापक, त्यामुळे त्याचा गोवा बीचवाल्यांचा गोवा नाही. बारीकसं पुस्तक आहे. मुंबईची पानं मला थोडी परदेशी नजरेची वाटली, वेश्यावस्तीने सुरुवात करायची गरज नव्हती. पण स्टेशनवरच्या खोलीत रात्री वाराणसीला मरायला निघालेल्या जैन माणसाशी होणारं बोलणं, त्यासाठी सगळं माफ.
याउलट एमिलिओ साल्गारी. भारतात पाऊलही न टाकता त्याने सुंदरबनातल्या ठगांवर कादंबरी लिहिली आणि इटलीची पोरं त्यावर वाढली. आपल्या कबीर बेदींना १९७६ मध्ये तिथे डोक्यावर घेतलं गेलं ते याच साल्गारीच्या सांदोकान या चाच्याच्या भूमिकेमुळे (टीव्ही मालिका होती).

ओसरी
यादी मोठी झाली! पहिल्यांदा शाशा आणि ओर्तेसे मागवते, 'मार्कोव्हाल्दो' वाचनालयात आहे असं दिसतंय. एकच शेवटचं: बाबांना रहस्यकथा लागतात, इंग्रजी चालतं. त्यांच्यासाठी काही?

कोरडवाहू
आंद्रेआ कामिल्लेरी, इन्स्पेक्टर मोंताल्बानो. पहिलं 'द शेप ऑफ वॉटर', मूळ १९९४ चं. भाषांतर स्टीफन सार्तारेल्ली, शेवटी तळटिपा आहेत त्या बाबांना वाचायला सांगा, सिसिलीचं राजकारण त्यातून कळतं. क्रमाने वाचलं तर बरं, पण मधलं हाती लागलं तरी बिघडत नाही. जेवताना कुणी बोललेलं मोंताल्बानोला खपत नाही, तेवढं बाबांना आवडेल बहुतेक. कथाच हव्या असतील तर 'मोंताल्बानोज फर्स्ट केस' हा संग्रह आहे. त्यातलं विगाता हे काल्पनिक गाव म्हणजे कामिल्लेरीचं पोर्तो एम्पेदोक्ले. पिरान्देल्लोचं जन्मघर तिथून अगदी जवळ आणि त्या खाणींचा गंधक याच बंदरातून बाहेर जायचा. तुम्ही 'चाउला' वाचून झाल्यावर बाबांचं पुस्तक उसनं घ्या.