ट्राउटसाठी कुठल्या फ्लाय घेऊ? लवकर सांगा

शापोराकाठचा
नमस्कार मंडळी. सुट्टीत हिमाचलला जातोय. तिथल्या नदीत फ्लाय फिशिंग करून ट्राउट पकडायची आहे. गरी मला नवीन नाही. शिवोलीच्या पुलाखाली आणि मानशीवर (खाडीचं पाणी अडवायच्या दारावर) लहानपणापासून बसतोय, त्यामुळे गाठ कशी मारायची वगैरे शिकवू नका. फक्त एवढंच सांगा, कुठल्या फ्लाय घेऊ आणि किती? ऑनलाइन मागवल्या तर यायला आठवडा जातो. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, प्रत्येकजण वेगळीच नावं घेतो. ज्याला खरंच माहीत आहे त्यानेच लिहा.

पणजीकर_७७
कुठली नदी?

चोणकवाला
नदी कुठलीही असो, जिवंत सुंगटासारखं (कोळंबीसारखं) आमिष नाही. फ्लाय म्हणजे पिसं बांधलेला गळ, त्याला फसायला मासा काय खुळा आहे? मी मागच्या पावसाळ्यात मानशीच्या तोंडाशी चार किलोची चोणक काढली. ओहोटीला पाणी सुटलं की सुंगट सोडायचं आणि गप्प बसायचं. एवढे पैसे घालून हिमालयात जाऊन वीतभर मासा आणणार तुम्ही!

थंडपाणी
मी मूळचा फोंड्याचा, नोकरीमुळे कुल्लूला तीन वर्षं काढली. सांगतो, पण आधी तीन गोष्टी लिहा. कुठली नदी, कुठला महिना, आणि काठी कुठली आहे. हिमाचलात ट्राउटच्या नद्या खूप आहेत. तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल, रोहडूची पब्बर, सांगल्याची बास्पा. प्रत्येकीचं पाणी निराळं.

शापोराकाठचा
तीर्थन. बंजारच्या पुढे गुशैणीला होमस्टे आहे, बायकोने बुक केलाय. काठी आहे माझ्याकडे, चांगली आहे, जपानी. आता फ्लाय सांगा.

थंडपाणी
महिना राहिला. असो, फ्लाय सांगतो.

तीर्थनमध्ये मुख्यतः ब्राउन ट्राउट. हा मासा इथला नव्हे, इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणला आणि तिथून 1909 साली कुल्लूत सोडला. शंभर वर्षांत पक्का पहाडी झालाय, आणि लाजरा इतका की तुमची सावली पाण्यावर पडली तरी धोंड्याखाली गेलाच म्हणून समजा. म्हणून पंचवीस प्रकारच्या फ्लाय नेण्यात अर्थ नाही. पाण्याखालून वाहवायच्या दोन घ्या, फेझंट टेल आणि हेअर्स इअर, डोक्याला पितळी मणी असलेल्या, 14 आणि 16 नंबरच्या. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन, अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, 14 नंबर. पाणी गढूळ असलं तर एक काळी वूली बगर. प्रत्येकी चार घ्या, कारण निम्म्या धोंड्यांत आणि झाडांत अडकून जाणार आहेत.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे काठी बाजूला ठेवायची आणि घोटाभर पाण्यात उतरून चार गोटे उलटून बघायचे. खाली चिकटलेल्या अळ्या दिसतील, काही वाळूचं घरटं पाठीवर घेऊन फिरतात. त्यांच्या रंगाची आणि आकाराची फ्लाय बांधायची. व्हिडिओतल्या दहा नावांपेक्षा हे कामाचं.

डिचोलीचो_भुरगो
थंडपाणीबाब, निंफ म्हणजे त्या पाण्याखालच्या फ्लाय ठीक, पण फ्लाय फिशिंगची मजा तरंगणाऱ्या ड्राय फ्लायचीच. मासा वर येऊन घास घेताना दिसतो. निंफ म्हणजे शेवटी बुडवलेली गरीच की.

थंडपाणी
मजा तुमची, जेवण माशाचं. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं. संध्याकाळी किडे उडायला लागले की लावा खुशाल ड्राय. दुपारी रिकाम्या पाण्यावर अ‍ॅडम्स नाचवत बसलात तर हात दुखेल, बाकी काही होणार नाही.

डिचोलीचो_भुरगो
मी मुन्नारला ड्रायवर तीन रेनबो काढल्यात. दुपारी.

थंडपाणी
रेनबो आणि ब्राउन यांत फरक आहे, बाबा. रेनबो त्यामानाने भोळी.

नीलगिरी_फॅन
एवढ्या लांब जायची गरजच काय? गोव्याहून नीलगिरी जवळ. उटीजवळ अव्हलांशला 1907 पासून ट्राउटची हॅचरी आहे. हवा पण छान. माझ्या मते आधी तिकडे जा. उटीत राहायला स्वस्त हॉटेल हवं असेल तर सांगा, माझ्याकडे यादी आहे.

शापोराकाठचा
मी उटीबद्दल विचारलेलं नाही.

म्हापशाची_मावशी
बाळा, ट्राउट चवीला कशी असते रे? हळद, मीठ, आगळ लावून रव्यात तळली तर चालेल का? बर्फात घालून ट्रेनने आणता येईल? आमच्याकडे सध्या इसवण परवडत नाही.

चोणकवाला
मावशी, गोड्या पाण्यातला मासा, मातकट लागणार. चोणकीची सर नाही.

थंडपाणी
मातकट अजिबात नाही. ती चव साचलेल्या तळ्यातल्या माशाला येते. ट्राउट बर्फाच्या वाहत्या पाण्यातली, 20 अंशांच्या वर पाणी तापलं तर ती तग धरत नाही. म्हणून तर आपल्या म्हादईत ती कधी होणार नाही. मावशी, तिकडे मोहरीच्या तेलात तळतात. पण दोन दिवसांच्या प्रवासात आणायचा विचार सोडा.

पणजीकर_७७
शापोराकाठचा, काठी किती वेटची, म्हणजे केवढ्या जड दोरीसाठी आहे? तीर्थन लहान नदी आहे, 4 किंवा 5 वेट पुरते, नऊ फुटी. दोरीच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे फ्लाय बांधायचं तंगूस, टोकाला 5 एक्स इतकं बारीक. खाडीत 8 वेट वापरत असाल तर ती तिथे म्हणजे उंदरावर तोफ.

शापोराकाठचा
काठीवर वेट लिहिलेलं नाही. 10-30 ग्रॅम असं लिहिलंय. रीलवर ब्रेडेड (विणलेली) दोरी आहे, तीस पौंडी. मोठी चोणकसुद्धा आरामात निघते तिच्यावर.

पणजीकर_७७
अहो, ही स्पिनिंगची काठी आहे!

शापोराकाठचा
मग? फ्लाय बांधली की झालं फ्लाय फिशिंग.

थंडपाणी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तुमच्या काठीवर 10 ते 30 ग्रॅमचं वजन बांधलं तर ते वजन तंगूस ओढत पुढे जातं. 14 नंबरच्या फ्लायला वजनच नसतं, ती पायाजवळ पडेल. फ्लाय फिशिंगमध्ये जाड, जड दोरी फेकायची असते, फ्लाय तिच्यामागून जाते. म्हणून त्याची काठी, रील, दोरी सगळंच वेगळं.

डिचोलीचो_भुरगो
बबल फ्लोट लावा. पारदर्शक प्लास्टिकचा बोया असतो, आत पाणी भरून वजन कमी-जास्त करता येतं. त्याच्या मागे चार-पाच फूट बारीक तंगूस आणि टोकाला फ्लाय. स्पिनिंगच्या काठीवर मस्त चालतं.

पणजीकर_७७
10-30 च्या काठीवर नाही चालणार मस्त. ती बांबूसारखी कडक असणार, 5 एक्सचं तंगूस पहिल्याच झटक्याला तुटेल. 2 ते 10 ग्रॅमची हलकी काठी घ्या, सहा पौंडी मोनो तंगूस, आणि 1 नंबरचा छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचा गळ). गळाचा बार्ब, म्हणजे उलटा काटा, चिमटून टाका म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही.

डिचोलीचो_भुरगो
मग ते फ्लाय फिशिंग कसं राहिलं?

पणजीकर_७७
तुमच्या बबल फ्लोटमध्ये तरी काय राहिलं?

चोणकवाला
सुंगट.

थंडपाणी
सुंगट घेऊन जाऊ नका. परवान्यावर काय चालतं ते तिथल्या मत्स्य विभागाच्या माणसाला विचारा. आणि परवाना काढाच. होमस्टेवाला म्हणेल, काही लागत नाही, तरी काढा. तिथले पोरगे स्वतः नदीवर लक्ष ठेवतात.

नदीवर उभं कुठे राहायचं तेही सांगतो, कारण खाडीची सवय इथे नडते. खाडीत आपण भरती-ओहोटी बघतो, इथे तिचा संबंधच नाही. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभी असते, म्हणून तुम्ही खालच्या बाजूने वर चढत जायचं, तिच्या पाठीमागून. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे भिडतं तिथे एक रेघ दिसते. त्या रेघेवर आणि मोठ्या धोंड्याच्या मागच्या शांत खळग्यात टाकायचं. तंगूस सैल ठेवून फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहू द्या. ती जरा जरी ओढली गेली तरी मासा ओळखतो. आणि एका जागी तासभर बसू नका. दहा-बारा फेका, मग पुढचा धोंडा.

शेवाळावर रबरी चप्पल घालून उतरू नका. बियासवर लारजी धरणाच्या खाली तर पाण्यात पायही घालू नका. 2014 च्या जूनमध्ये धरणाचं पाणी अचानक सोडलं आणि हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले, दिवसाउजेडी.

आणि आता तरी सांगा, कुठला महिना?

शापोराकाठचा
दिवाळीच्या सुट्टीत. 12 नोव्हेंबरला मडगावहून संपर्क क्रांती, चंदीगडपर्यंत तिकिटं कन्फर्म आहेत. तिथून गाडी. महिन्याने काय फरक पडतो? थंडी सहन होते मला.

थंडपाणी
बंद.

शापोराकाठचा
काय बंद?

थंडपाणी
हिमाचलात ट्राउट पकडायला 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंदी असते. ब्राउन ट्राउट याच दिवसांत अंडी घालते, बारीक गोट्यांमध्ये खड्डा करून. माणूस नुसता त्या गोट्यांवरून चालला तरी अंडी चिरडतात. आपल्याकडे जून-जुलैला ट्रॉलर किनाऱ्याला लागतात ना, तसंच. परवाना मिळणारच नाही.

शापोराकाठचा
हे आधी का नाही सांगितलं कोणी? वीस उत्तरं झाली!

थंडपाणी
तीन वेळा महिना विचारला.

पणजीकर_७७
मार्च-एप्रिलला जा. मे-जूनला बर्फ वितळून पाणी चढतं, जुलै-ऑगस्टला लाल गढूळ. पावसानंतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर पुन्हा छान, पण यंदाचा तो गेला.

नीलगिरी_फॅन
म्हणून म्हणत होतो, उटी.

शापोराकाठचा
बायकोला सांगितलं. ती म्हणते तिकिटं रद्द करायची नाहीत, बर्फ नसेल तर जालोरी खिंड बघू आणि काठी घरीच ठेव. मला वाटतं तिला हे आधीच माहीत होतं.

म्हापशाची_मावशी
मग मासा नाहीच का?

थंडपाणी
खायला मिळेल, मावशी. त्या भागात ट्राउटचे फार्म आहेत, होमस्टेवाले तिथूनच आणतात. शापोराकाठचा, मार्चपर्यंत वेळ आहे. हलकी काठी घ्या आणि बबल फ्लोट शापोऱ्यातच टाकून बघा. मासा लागला नाही तरी हाताला फेक बसेल. फ्लाय मागवायची घाई आता नाही.

चोणकवाला
रविवारी मी मानशीवर आहे. ये. बघू दे तुझा तो पाण्याचा बोया.

शापोराकाठचा
पाणी किती वाजता सुटतं?