‘पत्रकारानेच उद्योजक व्हावं’ म्हणणाऱ्यांना तालुक्यातून उत्तर

तालुका बातमीदार
एका मीडिया सल्लागारांची पोस्ट कालपासून फिरते आहे. नोकरीची मानसिकता सोडा, पत्रकाराने स्वतःला उद्योजक समजावं, उत्पन्नाचे मार्ग स्वतः शोधावेत, असा एकूण सूर. खाली वाहवा करणाऱ्यांत ओळखीचे संपादकही दिसले, म्हणून लिहितोय.

उत्पन्नाचे मार्ग शोधायला आम्हाला कोणी शिकवायला नको. तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन पेट्रोलला पुरत नाही, घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. वर्धापनदिन, दिवाळी, 26 जानेवारी, आमदारांचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला टार्गेट ठरलेलं. मी ज्या दैनिकात होतो तिथे जाहिरातीचं बिल बातमीदाराच्या खात्यावर पडायचं. जाहिरातदाराने पैसे बुडवले की वसुली आमच्याकडून.

एका सभापतींच्या वाढदिवसाची अर्धं पान रंगीत जाहिरात आणली होती. वर पक्षाचे नेते, मध्ये साहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर यावर दोन गटांत भांडण होऊन लागलेले. पैसे थकले. त्याच पावसाळ्यात त्यांच्या भावाने केलेल्या रस्त्याचं डांबर वाहून गेलं. फोटो होते, माहितीच्या अधिकारात मिळालेल्या एमबीच्या, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीच्या, नकला होत्या. बातमी पाठवली. जिल्हा कार्यालयातून फोन आला तो जाहिरात विभागाचा: आधी वसुली करा, मग बघू. बातमी छापली नाही आणि जाहिरातीचे पैसे माझ्या कमिशनमधून कापले.

वृत्तपत्राने धंदा जरूर करावा. पण ज्याच्यावर बातमी करायची त्याच्याच दारात पैसे मागायला बातमीदाराला पाठवू नका, एवढंच म्हणणं आहे.

मोंढा लाइव्ह
दादा, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण त्याला उद्योजकता कोण म्हणेल? जोखीम तुमची, मालकी त्यांची, ही सरळ वेठबिगारी. म्हणूनच मी राजीनामा दिला आणि स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं. सोयाबीन, तूर, कापूस, मोंढ्यात म्हणजे शेतमालाच्या बाजारात सौदा सुटला की भाव टाकतो. आडत्याच्या काट्यात पोत्यामागे किती वजन मारतात ते कॅमेऱ्यावर दाखवलंय. नेत्यांची एक जाहिरात घेत नाही. हे नोकरीत शक्य होतं का?

आणि यात नवीन काय आहे? बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढला तेव्हा कोणत्या वृत्तपत्राच्या मालकाची नोकरी करत काढला? टिळकांनी ‘केसरी’ कर्जासकट अंगावर घेतला. मराठी पत्रकारिता उभीच राहिली ती स्वतःच्या जोखमीवर. पगाराची सवय आपल्याला नंतर लागली.

निवृत्त उपसंपादक
दोघांनीही नानासाहेब परुळेकरांना विसरू नये. कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि 1 जानेवारी 1932 ला पुण्यात ‘सकाळ’ काढला. गावोगावी बातमीदार नेमले, वाचकाला रोजच्या जगण्यातलं काय हवं ते शोधलं. याला म्हणतात उद्योजक. पण ते काम मालक-संपादकाचं होतं. बातमीदाराने बातमी आणायची.

बातमी आणि पैसा यांच्यातली ही भिंत पाडली की काय होतं ते 2009 च्या विधानसभा निवडणुकीत सगळ्यांनी पाहिलं. एकाच नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी 2010 मध्ये ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावानिशी अहवाल लिहिला, तो कौन्सिलने पूर्ण बाहेर येऊ दिला नाही. माहिती आयोगाचा आदेश निघाल्यावर 2011 मध्ये तो संकेतस्थळावर आला. त्या काळात मी डेस्कवर होतो. ‘ही बातमी कापायची नाही, पॅकेज आहे’ अशी चिठ्ठी लावून मजकूर यायचा.

ग्रामसेवक
जरा आमचंही ऐका. प्रत्येकाने स्वतःचं चॅनल काढायचं म्हणताय, त्याचा त्रास आम्ही भोगतोय. दर आठवड्याला कोणीतरी नवीन बूम, म्हणजे चॅनलचा माइक, घेऊन ग्रामपंचायतीत येतो. घरकुलाची यादी दाखवा, नाहीतर लाइव्ह करतो. चहा घेऊन झाला की ‘आमच्या चॅनलला काही सहकार्य?’ यादी तर नोटीस बोर्डावर लावलेली असते, ती वाचायचे कष्ट कोणी घेत नाही.

मोंढा लाइव्ह
सगळ्यांना एका माळेत ओवू नका भाऊसाहेब. छापील साप्ताहिकवाले हेच करायचे, तेव्हा कॅमेरा नव्हता इतकंच.

प्रबुद्ध वाचक
मोंढावाल्या मित्राने ‘केसरी’चं नाव काढलं म्हणून बोलते. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ काढला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात, पैसे मोजायची तयारी असूनही, ‘केसरी’ने छापली नाही. ‘मूकनायक’ 1923 मध्ये बंद पडला. पुढे 1927 ला ‘बहिष्कृत भारत’ आला, त्यातला बहुतेक मजकूर बाबासाहेब एकटे लिहायचे. तोही 1929 मध्ये थांबला. बुद्धी कमी होती की मेहनत? भांडवल नव्हतं. जोखीम घ्या म्हणणाऱ्याने आधी सांगावं, पडलो तर झेलायला कोणाच्या घरात काय आहे. माझा भाऊ पत्रकारितेची पदवी घेऊन दोन वर्षं वस्तीतल्या बातम्यांचं पेज चालवत होता. एका दुकानाने जाहिरात दिली नाही. बातम्या चांगल्या आहेत, पण ‘तिकडचं’ पेज आहे, असं तोंडावर सांगितलं.

निवृत्त उपसंपादक
शंभर वर्षांपूर्वीचं उकरून आजच्या प्रश्नाला काय उपयोग? विषय उत्पन्नाचा चाललाय, प्रत्येक ठिकाणी जात कशाला?

प्रबुद्ध वाचक
‘दर्पण’ आणि ‘केसरी’चा विषय निघाला तेव्हा इतिहास चालला, ‘मूकनायक’ आला की उकरणं? तुमच्या डेस्कवर इतक्या वर्षांत आमच्यातले किती उपसंपादक होते, सांगा. जाहिरात कोणाला मिळते हाच उत्पन्नाचा प्रश्न आहे.

निवृत्त उपसंपादक
आवाज चढवायची गरज नाही. एक होता. त्याला शेवटपर्यंत जिल्हा पानाच्या पुढे नेलं नाही, हेही खरं. उत्पन्नाशी त्याचा संबंध आहे हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही, पण ‘उकरून’ हा शब्द मागे घेतो.

तालुका बातमीदार
ताईंचा मुद्दा मला पटतो. माझ्या तालुक्यात ज्यांच्या घरी पेट्रोल पंप नाहीतर मंगल कार्यालय आहे त्यांचीच चॅनलं टिकली. बातमी चांगली म्हणून टिकलेलं एक दाखवा.

मोंढावाल्या भावाला एकच विचारतो. नेत्याची जाहिरात घेत नाही, उत्तम. मग घेतोस कोणाची?

मोंढा लाइव्ह
कृषी सेवा केंद्रं, क्लासेस, ट्रॅक्टरचं शोरूम. लपवण्यासारखं काही नाही.

तालुका बातमीदार
गेल्या खरिपात तुमच्या भागात सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी तहसीलवर गेले होते. बियाणं विकणाऱ्या दुकानाचं नाव घेतलंस?

मोंढा लाइव्ह
कंपनीचं नाव घेतलं. पंचनामे दाखवले. दुकानाचं नाव नाही घेतलं, कारण चूक कंपनीची होती, दुकानदार फक्त विकतो.

प्रबुद्ध वाचक
पक्की पावती न देता विकलं असेल तर? त्या दुकानाची जाहिरात तुमच्याकडे होती की नव्हती?

मोंढा लाइव्ह
होती. पावतीचं मी विचारायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, ठीक आहे, विचारायला हवं होतं. पण मग करायचं काय? दादांसारखं कमिशन कापून घ्यायचं? शेतकऱ्यांकडून महिना वीस रुपये मागून पाहिले, दहा लोकही आले नाहीत. वाचक एक रुपया देणार नाही आणि जाहिरातही घ्यायची नाही म्हणता, तर कॅमेऱ्याचा हप्ता कोण भरणार ते सांगा. मी अजूनही म्हणतो, मालकी आपली असली पाहिजे.

तालुका बातमीदार
मालकी असावी, हे मान्य करतो. पण दुकानात जाहिरात मागायला दुसरं कोणीतरी जाऊ दे. तू त्या दुकानात फक्त पावती बघायला जा.

मोंढा लाइव्ह
दुसऱ्या माणसाचा पगार?

ग्रामसेवक
तेवढं ठरेपर्यंत आमच्याकडे बूम घेऊन येणाऱ्यांनी किमान ओळखपत्र तरी दाखवावं.