पाड्याची वेगळी ग्रामसभा हवी आहे (शहापूर)

प्रश्न:
पाडा डोळखांब बाजूला, गटग्रामपंचायतीत. ग्रामसभा मूळ गावात भरते, आमच्या विहिरीचा विषय शेवटी येतो नि राहून जातो. वेगळं व्हायचं तर महसुली गाव मागायचं की स्वतंत्र ग्रामपंचायत?

ओहोळकाठ:
दोन्ही नको. महसुली गाव म्हणजे वेगळं दप्तर नि नकाशा, स्वतंत्र ग्रामपंचायतीला लोकसंख्या लागते. तुमचं काम वेगळ्या ग्रामसभेने होईल, आणि ती 2014 च्या महाराष्ट्र पेसा नियमांत (पेसा म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पाडा वेगळं 'पेसा गाव' म्हणून जाहीर झाला की मिळते. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. (मुरबाड, भिवंडीत काहीच गावं आहेत, तिकडच्यांनी आधी यादी बघावी.) पाड्यातल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा ठराव हवा, नुसत्या हजर लोकांपैकी नव्हे. तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे भिवंडीला द्या, प्रत ग्रामपंचायतीला. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

शिवारफेरी:
अडतं ते मतदारयादीत. एकाच पाड्याची नावं दोन-तीन भागांत विखुरलेली असतात. प्रत्येक सहीसमोर भाग नि अनुक्रमांक लिहा, अंगठा असेल तिथे साक्षीदाराची सही. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मग निम्मी संख्या भरणार कुठून? लावणी उरकली की कापणीआधी सभा घ्या.

दुसरं, हद्द. ठरावात "पाडा व परिसर" एवढंच लिहिलं तर चौकशीला आलेला माणूस काय मोजणार? चारी दिशांना ओहोळ, टेकडी, रस्ता नावानिशी लिहा. गट नंबर तलाठ्याकडून घ्या, नकाशा भूमी अभिलेखातून. जंगल येत असेल तर वनखात्याचा कक्ष क्रमांकही टाका. शेजारच्या पाड्याच्या जाणत्यांना घेऊन हद्द आधीच फिरा. गुरचरण, देवाचं रान किंवा पाणवठा सामाईक असेल तर तसं स्पष्ट लिहा. हरकती बहुतेक यावरूनच येतात.

प्रश्नकर्ता:
मग निधी थेट पाड्याला येणार?

ओहोळकाठ:
थेट नाही. आदिवासी उपयोजनेतला (सरकारने आदिवासींसाठी राखलेल्या तरतुदीतला) 5 टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक योजनेला न बांधलेला पैसा, ग्रामपंचायतीकडे येतो, तिथून लोकसंख्येच्या प्रमाणात पेसा गावांच्या ग्रामसभा कोषात, म्हणजे ग्रामसभेच्या स्वतःच्या निधीत. खर्च मात्र तुमची सभा ठरवते, म्हणून कोषाचं वेगळं खातं नि कोष समिती लगेच करा. सरपंच तोच राहील, दाखलेही तिथूनच मिळतील. आणि वेगळं पेसा गाव झालं म्हणून रेशन दुकान आपोआप येत नाही, त्याचा अर्ज निराळा.