कंडिशन नंबर फक्त २, तरी उत्तर शून्य का येतं?

प्रश्न:
फ(क्ष) = १ − कॉस(क्ष). |क्ष·फ′(क्ष)/फ(क्ष)| या सूत्राने सापेक्ष कंडिशन नंबर (इनपुटमधली सापेक्ष चूक उत्तरात किती पट होते तो आकडा) काढला तर क्ष शून्याकडे जाताना तो २ होतो. पण डबल प्रिसिजनमध्ये (संगणकातल्या सुमारे १६ अंकी संख्या, म्हणजेच 'डबल') क्ष = १०^-८ घातलं की चक्क ० मिळतं. खरं उत्तर साधारण ५×१०^-१७ आहे. सूत्र चुकतंय की कोड?

उत्तर १:
सूत्र बरोबर आहे. कंडिशन नंबर फंक्शनचा असतो. ते तुम्ही कोणत्या पायऱ्यांनी काढता हे त्याला ठाऊक नसतं. पायऱ्या सुट्या करून बघा.

कॉसचा कंडिशन नंबर क्ष·टॅन(क्ष), म्हणजे सुमारे १०^-१६. पुढे य = कॉस(क्ष) धरलं तर १ − य या वजाबाकीचा य/(१−य), म्हणजे २×१०^१६. गुणाकार २, तुमचाच आकडा. घोळ मधे होतो. कॉस(क्ष) खरं तर १ − ५×१०^-१७ आहे, पण १ च्या लगेच खालचा डबल १ − १.१×१०^-१६ इतका दूर, म्हणून ते राउंड होऊन नेमकं १ बनतं. ही चूक कॉसच्या नंतर जन्मली, त्यामुळे कॉसचा लहान आकडा तिला आवरत नाही. वजाबाकीचा फटका मात्र पूर्ण बसतो. ५×१०^-१७ गुणिले २×१०^१६ = १, म्हणजे १०० टक्के चूक.

त्याऐवजी २·साइन²(क्ष/२) लिहा. वजाबाकीच उरत नाही, जवळपास सगळे अंक टिकतात.

उत्तर २:
याच्या उलट प्रकारही ओळखता यायला हवा. नैसर्गिक लॉग(क्ष) चा कंडिशन नंबर १/|लॉग(क्ष)|. क्ष = १.०००००१ ला तो सुमारे १० लाख, म्हणजे १६ पैकी ६ अंक गेले. क्ष आधीच राउंड झालेला असेल तर कोड कितीही नीट लिहा, ते परत येत नाहीत. मात्र १ मध्ये मिळवण्याआधीचा ह = क्ष − १ हाताशी असेल तर तोच इनपुट धरा आणि लॉग१पी(ह), म्हणजे लॉग(१+ह) थेट ह वरून काढणारं फंक्शन, वापरा; ह साठी कंडिशन नंबर १ च्या आसपासच राहतो.

प्रश्नकर्ता:
साइन(पाय) १.२×१०^-१६ येतं, तेही वजाबाकीमुळेच?

उत्तर १:
नाही, तिथे साइन अचूक आहे. तुम्ही दिलेला इनपुट पाय नव्हे, त्याच्या सर्वांत जवळचा डबल आहे. तो पायपेक्षा १.२×१०^-१६ ने लहान, आणि उत्तरही तेवढंच. जिथे फ(क्ष) = ० तिथे सापेक्ष सूत्राचा छेदच शून्य होतो. तिथे निरपेक्ष कंडिशन नंबर |फ′(क्ष)| बघा, म्हणजे इनपुटमधली प्रत्यक्ष चूक उत्तरात किती पट होते ते. इथे तो १ आहे.