मोर आणि धनेश एकाच यादीत कशाला?

खानापूरकर : रविवारी कणकुंबीच्या अलीकडं डोक्यावरून घस्स घस्स आवाज आला. वर बघतोय तर राजधनेशाची, म्हणजे मोठ्या चोचीच्या त्या रानपक्ष्याची, जोडी. मग वाटलं, वन्यजीव संरक्षण कायद्यात मोरही अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आणि हाही. पण कुठल्या जातीला किती धोका ते ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत मोर 'किमान चिंता' आणि राजधनेश २०१८ पासून 'असुरक्षित'. एवढा फरक असताना संरक्षण सारखंच? मोराला खालच्या अनुसूचीत टाका की.

निपाणीचा शेतकरी : शंभर टक्के! भुईमूग टोकला की चौथ्या दिवशी लांडोरी ओळीनं येतात आणि कोंब उपसून दाणा खातात. सरी बघितली तर कोणी मुद्दाम खुरप्यानं उकरल्यागत. अनुसूची १ मुळं पिकाच्या नुकसानीवर मारायची परवानगीच मिळत नाही. मारायची हौस नाही हो, पण दुबार पेरणीचं बी कोण देणार?

मास्तर, बेळगाव : सावकाश. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. वाढलाय, मान्य, २०२३ च्या देशव्यापी पक्षी अहवालातही तेच आहे. पण झडलेली पिसं देशात विकायला मुभा आहे. पीस झडलेलं की मारून उपटलेलं, बाजारात कोण तपासतंय? वरचं कवच काढलंत तर विषारी दाणे टाकणाऱ्यांचं फावेल.

खानापूरकर : मास्तर, खालच्या अनुसूचीतही शिकारीला बंदीच असते! माझं म्हणणं माणसं आणि पैसा कुठं लावायचा याबद्दल आहे. धनेशाची मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, फक्त फट ठेवते. कित्येक आठवडे नर त्या फटीतून उंबर, वडाची फळं भरवतो. नर मेला की आत सगळंच धोक्यात. आणि ढोली पडायला झाड म्हातारं लागतं, ते नवीन रोप लावून मिळत नाही. मोराला काय, शेताच्या बांधावरचं झुडूपही चालतंय.

मास्तर, बेळगाव : मग झाडांसाठी भांडा, मोराच्या मागं का लागालास? मोराची अनुसूची बदलून भीमगड अभयारण्यातला एक जुना बेहडा तरी वाचणार आहे का?

खानापूरकर : हे मात्र पटलं. तरी शेतकऱ्याच्या भरपाईचं काय?

निपाणीचा शेतकरी : तेच विचारायलोय कवापासनं! धनेश मी जन्मात बघितला नाही. मोर बघायचाय? सहाला बांधावर या, मोजून दमाल.