गाडी 'आपोआप पळाली' की ॲक्सिलरेटर 'दाबला गेला'? (शब्दचर्चा)

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, एका शब्दापाशी अडलो आहे. गाडी शिकवणाऱ्या एका मित्रासाठी छोटी पुस्तिका मराठीत लिहितोय. तिच्यात एक जुनी अमेरिकन घटना आहे. ८ मार्च २०१० रोजी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोजवळ, एका माणसाने धावत्या टोयोटा प्रियसमधून पोलिसांना फोन केला : ॲक्सिलरेटर अडकलाय, गाडी थांबत नाही. वेग ताशी ९० मैलांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने १४५ किलोमीटरच्या पुढे. पोलिसांची गाडी शेजारून धावत राहिली, कर्ण्यावरून सूचना देत राहिली, आणि शेवटी प्रियस थांबली. ब्रेक झिजून गेले होते. पण नंतर तपासणाऱ्यांना त्याच गाडीत तो प्रकार पुन्हा घडवता आला नाही. कंपनीने सांगितलं की गाडीतल्या नोंदीप्रमाणे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आलटून-पालटून अडीचशेहून जास्त वेळा दाबले गेले होते. मग त्या माणसाच्या सांगण्यावर लोकांनी शंका घेतली.

तिकडे या प्रकाराला 'अनइंटेन्डेड ॲक्सिलरेशन' म्हणतात. मी आधी 'गाडीचा वेग आपोआप वाढणे' असं लिहिलं. मित्राला चाललं, मला खटकतंय. 'आपोआप' म्हटलं की निकालच लागला, दोष गाडीचा. मूळ शब्द एवढंच सांगतो की चालवणाऱ्याच्या मनात तसं नव्हतं. पाय चुकला की यंत्र चुकलं, हे तो उघडं ठेवतो. शाळेच्या पुस्तकातलं 'त्वरण' घेऊन 'अनैच्छिक त्वरण' करून पाहिलं, तर वाचणाऱ्याला हृदयाचे अनैच्छिक स्नायू आठवतील, गाडी नाही आठवणार.

हे माझ्यासाठी नुसतं भाषांतर नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या नानांची गाडी ओट्यावर चढली. नाना ७१ वर्षांचे, उभा जन्म क्लचची गाडी चालवलेली. मुलाने हौसेने बिनक्लचची घेऊन दिली. अंगणातल्या निंबाखाली लावताना हातभर पुढे घ्यायची होती, ती तुळशीवृंदावन पाडून सरळ ओट्याला धडकली. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. मी पोचलो तेव्हा शेजाऱ्याने चावी फिरवून काढून घेतली होती आणि नाना तसेच आत बसलेले. स्टेअरिंगवरचे हात सुटत नव्हते, उजवी पोटरी थरथरत होती. एकच वाक्य परत परत : "मी ब्रेकच दाबा रे भो. जसा जसा ब्रेक दाबा, तशी तशी गाडी पयनी." (पयनी म्हणजे पळाली.) दोन दिवसांत गल्लीने ठरवून टाकलं की म्हातारा खोटं बोलतो. गाडी तपासणाऱ्यांनी 'दोष आढळला नाही' असा कागद दिला, तेव्हा तर ते पक्कंच झालं. नानांनी तेव्हापासून चावीला हात लावलेला नाही.

म्हणून शब्द नीट हवा आहे. सुचवा.

पांझरा (धुळे)

'अनाहूत वेगवाढ' चालेल का? अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला. वेग कुणी बोलावला नव्हता, एवढंच त्यातून निघतं.

गिरणाकाठ

जवळ आलात. पण अनाहूत म्हटलं की कुणीतरी बाहेरून आल्यासारखं वाटतं, अनाहूत पाहुण्यासारखं. वेग तर आपल्याच पायाखालून निघतो. 'अनवधानाने' म्हणावं तर उलटीकडे झुकतं, चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं असा अर्थ होतो. नाना तर अगदी लक्ष देऊन दाबत होते.

सातपुडा (शहादा)

भाऊ, मी मराठी शिकवण्यात तीस वर्षं घालवली. तुम्ही नाम शोधताय. मला वाटतं, याचं उत्तर आपल्या भाषेत क्रियापदात आहे.

घरातलंच उदाहरण घ्या. 'मी कप फोडला', 'कप फुटला', 'माझ्या हातून कप फुटला'. पहिल्यात हेतू आहे किंवा निदान पूर्ण कबुली आहे. दुसऱ्यात माणूसच नाही. लहान पोरं नेहमी हेच वाक्य बोलतात. तिसऱ्यात माणूस आहे, कृती त्याच्याकडूनच झाली आहे, पण त्याच्या मनात ते नव्हतं. हे तिसरं वाक्य फार मोलाचं आहे. 'माझ्याकडून ॲक्सिलरेटर दाबला गेला' हे त्याच जातीचं. 'जाणे' हे क्रियापद जोडलं की कृती कर्त्याच्या हातून निसटते : बोललं गेलं, लिहिलं गेलं, मारलं गेलं. आणि गंमत पाहा, चूक पायाची असली तरी आपण 'हातून' असंच म्हणतो. 'पायातून चूक झाली' असं कुणी म्हणत नाही.

अहिराणीत तर यासाठी क्रियापदातच सोय आहे : 'दाबाई गया'. 'दाबा' म्हणजे दाबला, मुद्दाम. 'दाबाई गया' म्हणजे दाबला गेला, मनात नसताना. तुमचे नाना 'दाबा' म्हणाले, कारण त्यांच्या मनाने त्यांनी ब्रेक खरोखरच दाबला होता.

आता ब्रेकचंही पाहा, कारण तक्रार तिथेच गढूळ होते. 'ब्रेक दाबवेना' म्हणजे माझं बळ पुरेना. 'ब्रेक दबेना' म्हणजे पॅडलच आत जाईना. 'ब्रेक लागेना' म्हणजे पॅडल गेलं आत, पण चाक धरेना. तीन वाक्यं, तीन वेगळ्या गोष्टी. आणि वर्तमानपत्रात छापून येतं 'ब्रेक फेल'. गॅरेजवाल्याला यातला फरक किती उपयोगी पडतो, हे कुणी जाणकाराने सांगावं.

पाना-पकड (भुसावळ)

ताई, फार उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाने हे तीन शब्द नीट वापरले तर माझं निम्मं काम तिथेच होतं.

'लागेना' म्हटलं की मी ब्रेक ऑइल, लायनर, पॅड बघतो. 'दबेना' म्हटलं की बूस्टर. पेट्रोल गाडीत ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. रेस (ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडी असेल तर ती ओढ जवळजवळ राहत नाही. त्यात माणसाने घाबरून ब्रेक मारला-सोडला, मारला-सोडला असं केलं की साठलेली ओढही संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. म्हणून सांगतो, अशा वेळी एकदाच, पूर्ण जोराने दाबायचा आणि सोडायचा नाही. चांगल्या ब्रेकची ताकद इंजिनपेक्षा जास्त असते. आणि गाडी न्यूट्रल करायची. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, चाकाला ताकद जात नाही. किल्ली मात्र धावत्या गाडीत लॉकपर्यंत फिरवायची नाही, स्टेअरिंग अडकतं.

आमच्याकडे ॲक्सिलरेटर कुणी म्हणत नाही, 'रेस' म्हणतात. 'रेस अडकली' म्हणजे पाय काढला तरी पॅडल परत वर आलं नाही. हे खरंच होतं. जुन्या गाडीत केबलचा दोरा आत उसवतो, स्प्रिंग कमजोर होते. नव्या गाडीत केबलच नाही, पॅडलखालचा सेन्सर इंजिनला कळवतो; तिथे सगळ्यात साधं कारण म्हणजे पायपुसणं. वरून टाकलेलं जाड मॅट सरकतं आणि पॅडल त्याच्याखाली अडकतं. पाण्याची बाटली घरंगळत येते, चप्पल अडकते. आणि जुनं टर्बोवालं डिझेल इंजिन कधी कधी टर्बोच्या सीलमधून आपलंच ऑइल पिऊन भन्नाट फिरतं, किल्ली काढली तरी बंद होत नाही. त्याला 'आपोआप' म्हणा, माझी हरकत नाही.

आता नानांचं. भाऊ, त्यांचं वाक्य मी चारदा वाचलं. 'जसा जसा दाबा, तशी तशी पयनी.' रेस मॅटखाली अडकली असती तर पाय कितीही दाबा, गाडी आपल्याच चालीने गेली असती. पायाच्या जोराप्रमाणे वेग वाढतो याचा अर्थ पाय ज्या पॅडलवर होता तेच पॅडल वेग देत होतं. क्लचच्या गाडीची सवय असली की घाईत डावा पाय क्लच शोधतो, तो सापडत नाही, अंग वळतं, उजवा पाय सरकतो. मेंदूला वाटतं ब्रेकवर आहोत. थांबत नाही म्हणून माणूस आणखी दाबतो.

राग नका मानू, एक विचारतो. तुम्ही पोचलात तेव्हा त्यांचा पाय कुठे होता?

गिरणाकाठ

पाहिला होता मी. इथे लिहायला जड जातंय. ॲक्सिलरेटरवर होता. मी कुणाला सांगितलं नाही, नानांनाही नाही.

जळगावकर वकीलताई

तुम्ही न सांगण्याचं कारण मला समजतं. सांगितलं असतं तर गल्लीने म्हटलं असतं, 'बघा, म्हातारा कांगावा करतोय'. म्हणून मला 'शंका' आणि 'संशय' या दोन शब्दांबद्दल बोलायचं आहे.

शंका बोलण्यावर घेतात, संशय माणसावर घेतात. 'त्यांच्या म्हणण्याबद्दल शंका आहे' यात माणूस शाबूत राहतो. 'त्यांच्यावर संशय आहे' म्हटलं की माणूसच आरोपी झाला. बातमीतला 'दावा केला' हा शब्दही असाच घसरलाय. 'दावा' कोर्टात दाखल करतात तो. जुन्या माणसांच्या बोलण्यात तर दावा म्हणजे वैर, दावेदार म्हणजे वैरी. आता घाबरलेल्या ड्रायव्हरच्या पहिल्या वाक्यालाही 'दावा' म्हणतात आणि वाचणाऱ्याचं मन तिथेच कलुषित होतं. 'त्यांनी सांगितलं' एवढं पुरे. 'गाडी म्हणे आपोआप पळाली' यातला 'म्हणे' तर सरळ टोमणाच आहे, तो बातमीत नकोच.

पोलिसांच्या कागदात ठरलेलं वाक्य असतं : 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून'. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २७९ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१. अविचार म्हणजे धोका दिसत असूनही बेदरकार वागणं, हयगय म्हणजे घ्यायची ती काळजी न घेणं. पाय चुकणं यातल्या कशात बसतं, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर ठरवावं लागतं. पण ते तिन्ही शब्द एका दमात, न थांबता लिहिले जातात.

माणसाला खरंच तसं वाटलं म्हणून त्याची सुटका होते, असंही मी म्हणत नाही. जपानमध्ये इकेबुकुरोला एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. गाडीत बिघाड होता हे त्याचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही, २०२१ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण कोरियात सोलमध्ये १ जुलै २०२४ ला अशाच एका गाडीखाली ९ माणसं गेली. चालक म्हणत होता गाडी आपोआप सुटली. त्याच्या बुटाच्या तळव्यावर ॲक्सिलरेटरच्या पॅडलचा ठसा सापडला. गेलेल्यांच्या घरच्यांना 'त्याच्या मनात नव्हतं' याने काय मिळणार? तरीही 'खोटं बोलला' आणि 'जे बोलला ते खरं नव्हतं' ही दोन वाक्यं मी वेगळीच ठेवीन.

जपानी भाषेत या चुकीला स्वतंत्र शब्द आहे, 'फुमिमाचिगाई'. फुमि म्हणजे पाय देणं, माचिगाई म्हणजे चूक. 'पायचूक' म्हणा ना मराठीत.

पाना-पकड

पायचूक! गॅरेजमध्ये उद्यापासून वापरतो. 'रेस अडकली' ही यंत्राची चूक, 'पायचूक' ही आपली. आणि काय झालं ते कळायच्या आधी बोलायचं तर नुसतं 'गाडी सुटली'.

पण कंपन्यांना सोडू नका बरं का. २८ ऑगस्ट २००९ ला त्याच सॅन डिएगोकडे टोयोटाचीच एक लेक्सस सुटली आणि चारही माणसं गेली. आतून फोन करून सांगत होते की ब्रेक नाहीत. त्यांच्यावर कुणी पायचुकीचा ठपका ठेवला असता तर पाप झालं असतं. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं मॅट टाकलेलं निघालं, पॅडल त्याच्यात अडकलं होतं. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये नासाच्या इंजिनिअरांच्या मदतीने झालेल्या तपासाचा निकाल आला. इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही, पण मॅट आणि चिकटणारं पॅडल ही दोन कारणं खरी ठरली. ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून टोयोटाला २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले. त्याच्या आधी अमेरिकेतच ऑडीच्या गाड्या सुटण्याचं प्रकरण होतं. १९८६ साली टीव्हीवर गाजलं, १९८९ च्या सरकारी अहवालात बहुतेक दोष पायचुकीवर गेला. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली, ब्रेक दाबल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पार्किंगमधून हलू नये अशी सोय आली. चूक माणसाची होती तरी इलाज गाडीत केला.

सातपुडा

'गाडी सुटली' मलाही पटतं. दावं तुटून जनावर सुटतं तसं. कुणी सोडलं की आपण सुटलं, ते अजून ठरायचं आहे. 'उधळली' मात्र नको. बैल उधळतो कारण त्याला मन आहे, तो बुजतो.

गिरणाकाठ

ताई, वकीलताई, भुसावळचे दादा, पुस्तिकेत असं लिहितोय : "गाडी चालकाच्या मनाविरुद्ध सुटणे. कारण दोन प्रकारचं असू शकतं, रेस अडकणे किंवा पायचूक. तपासाआधी कोणतंही एक गृहीत धरू नये." कॅलिफोर्नियाच्या त्या माणसाबद्दल 'दावा केला' खोडून 'सांगितलं' केलं. 'त्याच्यावर संशय' होतं तिथे 'त्याच्या सांगण्याबद्दल शंका' केलं.

काल संध्याकाळी नानांकडे गेलो होतो. दुरुस्त होऊन आलेली गाडी निंबाखाली उभीच आहे, काचेवर निंबोळ्या पडलेल्या. नानांना म्हटलं, इंजिन बंदच ठेवू, नुसते बसा. बसले. डोळे मिटून ब्रेकवर पाय ठेवा म्हटलं, ठेवला. काढा म्हटलं, परत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाय पडला तो निम्मा ब्रेकवर, निम्मा रेसवर. त्यांना तो तळव्याखाली कळला. डोळे उघडून त्यांनी खाली वाकून पाहिलं, बराच वेळ पाहत राहिले. मी काही बोललो नाही.

मग म्हणाले, "दाबाई गया व्हई रे भो."