‘मेनो’तला चौरस: सॉक्रेटिस विचारतोय की भरवतोय?

शंकासूर

अभ्यासगटात पुढचा संवाद प्लेटोचा ‘मेनो’ आहे. त्यातला ८२बी ते ८५बी (प्लेटोच्या सगळ्या आवृत्त्यांत छापलेले ठरलेले पान-क्रमांक) हा भाग फळ्यावर करून दाखवायचं ठरलंय. दावा असा, की सॉक्रेटिसशी बोलणाऱ्या मेनोच्या घरच्या गुलाम मुलाला भूमिती कुणीच शिकवलेली नाही, सॉक्रेटिस नुसते प्रश्न विचारतो, आणि तरी मुलगा दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस शोधतो. म्हणजे ज्ञान आत होतंच, ते फक्त आठवलं. मला हे पचत नाही. निम्म्याहून जास्त प्रश्न ‘हो ना?’ छापाचे आहेत आणि मोक्याची रेघ, म्हणजे कर्ण, सॉक्रेटिसच काढतो. मग यातून नक्की सिद्ध काय होतं? आणि सादर करताना काय सांभाळावं?

खडूफळा

आक्षेप रास्त आहे, पण आधी कोण काय बोलतं ते वेगळं काढा.

बाजू २ फूट, क्षेत्रफळ ४. हवं ८. मुलगा ठणकावून सांगतो की बाजू दुप्पट करा. ४ फुटांची बाजू घेतली की १६ होतात, हे तोच मोजतो. मग २ आणि ४ यांच्यामधलं काहीतरी हवं म्हणून ३ म्हणतो. तीन त्रिक नऊ, हेही तोच. मग ८४ए ला ‘देवाशपथ, मला माहीत नाही’. सॉक्रेटिस उत्तरं भरवत असता तर मुलगा दोनदा चुकला कसा? दोन्ही चुका त्याच्या आणि त्या खोडणारा हिशेबही त्याचाच.

कर्णापाशी मात्र तुमचा आक्षेप लागू पडतो. रेघ सॉक्रेटिसनेच काढली, यात वाद नाही. पण रेघ दाखवणं वेगळं आणि तिच्यावरचा चौरस ८चा आहे हे मान्य करायला लावणं वेगळं. तिथे मुलगा पुन्हा मोजतो: मोठ्या चौरसात ४ छोटे, कर्ण प्रत्येकाचा अर्धा भाग कापतो, आत असे ४ अर्धे, एकेक २चा, म्हणून ८. सॉक्रेटिस म्हणतो म्हणून ८, असं तो म्हणत नाही.

बहुतेक वाचकांच्या नजरेतून एक जागा निसटते. ८३ई च्या शेवटी सॉक्रेटिस म्हणतो की मोजून सांगायचं नसेल तर कोणत्या रेघेवर ते नुसतं दाखव. ही सवलत नाही, गरज आहे. उत्तर २√२, म्हणजे साधारण २.८३ फूट, आणि ते पूर्णांकांच्या कुठल्याच गुणोत्तरात बसत नाही. ‘किती फूट?’ या प्रश्नाला मुलाच्या अंकांत उत्तरच नव्हतं. तो अडला त्याचं अर्धं कारण त्याचं अज्ञान, अर्धं कारण प्रश्नाची घडण.

कंपासपेटी

सादरीकरणाचं सांगतो. १ फुटाला १० सेंमी धरा. आधी २० सेंमीचा चौरस, मग त्याला लागून तसेच तीन, म्हणजे ४० सेंमीचा मोठा चौरस तयार. ३ फुटांची चूक दाखवायला ३० सेंमीचा चौरस वेगळ्या रंगाने, त्याच कोपऱ्यातून काढा. सगळ्यात शेवटी चार कर्ण, प्रत्येक छोट्या चौरसाचा एकेक, आणि तोही मोठ्याच्या मध्यबिंदूतून न जाणारा. इथे हमखास गफलत होते. मध्यातून जाणारे कर्ण काढले तर मोठ्या चौरसावर फुली पडते, तिरका चौरस बनतच नाही.

दुसरी गफलत: सोयीसाठी आकृती आधीच पूर्ण काढून ठेवणं. मग लोक उत्तर बघूनच प्रश्न ऐकतात आणि ८४ए ची कोंडी होतच नाही. तिसरी: कुणीतरी लगेच पायथागोरस काढून ‘रूट आठ’ म्हणतो. त्याला अडवू नका, पट्टीवर नेमकं तेवढं दाखवायला सांगा. २८ सेंमी? थोडं कमी. २८.३? थोडं जास्त.

पडताळ्याला ४० सेंमीचा चौकोनी कागद घ्या, चारही कोपरे मध्यबिंदूशी दुमडा. खालचा थर उघडा राहत नाही आणि वर सगळीकडे एकच थर बसतो, म्हणून क्षेत्रफळ बरोबर निम्मं: १६चे ८. मात्र हे शेवटी. आधी केलंत तर मोजणी मारली जाते.

उलटतपासणी

खडूफळा यांचं पहिलं उत्तर ठीक, पण मुद्दा पुढे आहे. ८५सी-डी वाचा. सॉक्रेटिस म्हणतो की मुलाची ही मतं आत्ता स्वप्नासारखी जागी झाली आहेत. हेच प्रश्न अनेकदा, अनेक परींनी विचारले तर शेवटी तो कुणाइतकंच नेमकं जाणेल. म्हणजे प्रयोग संपला तेव्हा मुलाकडे ज्ञान नाहीच, खरं मत आहे. ‘मुलाला भूमिती आली’ असं सॉक्रेटिसने म्हटलेलंच नाही.

आता ९७ए. लारिसा या गावाचा रस्ता माहीत असलेला माणूस वाट दाखवेल. कधी न गेलेला पण अंदाज बरोबर असलेलाही तितकीच नीट दाखवेल. मग ज्ञानाचा मान जास्त का? ९७डी-९८ए ला उत्तर येतं: खरी मतं दंतकथेतल्या शिल्पकार डेडलसच्या चालत्या पुतळ्यांसारखी, बांधली नाहीत तर पळून जातात. बांधायचा दोर म्हणजे कारणाची मीमांसा. आणि सॉक्रेटिस जोडतो की हेच ते स्मरण. म्हणजे स्मरण मुलाने केलं ते नव्हे. त्याने पुढे करायचं राहिलं ते.

खडूफळा

शेवटचं वाक्य टिकत नाही. ८२ई ला, मुलाने ‘बाजू दुप्पट’ म्हणताच, सॉक्रेटिस मेनोला सांगतो: आता बघ, हा कसा क्रमाने आठवत जातो. स्मरण तिथेच सुरू झालंय, चूक खोडण्यापासून. ९८ए ला त्याच कामाचा शेवट सांगितलाय असं धरलं तर दोन्ही जागा जुळतात. तुमचं वाचन घेतलं तर ८२ई सोडून द्यावं लागतं.

उलटतपासणी

किंवा ८२ई हे मेनोला आमिष आहे. पण मान्य, मजकूर तुमच्या बाजूने जास्त आहे.

शंकासूर

म्हणजे सॉक्रेटिस स्मरणाला आधार म्हणून देतो ते पूर्वजन्म, अमर आत्मा वगैरे न मानताही प्रयोग उभा राहतो?

दिवाकंदील

बराचसा. मेनोने ८०डी ला घातलेला पेच तीन प्रश्नांचा आहे: जे अजिबात माहीत नाही ते शोधणार कसं, शोधायला नेमकं काय समोर ठेवणार, आणि सापडलं तरी हेच ते हे कसं ओळखणार. ८०ई ला सॉक्रेटिस तो मांडतो तेव्हा तिसरा गळतो. तोच सगळ्यात अवघड आहे. मुलगा तो कसा सोडवतो? सुरुवातीला ठरलेल्या अटीने: क्षेत्रफळ ८ हवं. १६ आणि ९ त्या अटीवर नापास, कर्णावरचा चौरस पास. उत्तर माहीत नसलं तरी कसोटी हाती होती.

खरी अडचण इथून सुरू होते, कारण मेनोने विचारलं होतं सद्गुणाबद्दल, तो शिकवता येतो का. तिथे ‘८’ सारखी अट कुठली? म्हणून ८६बी ला सॉक्रेटिस काय म्हणतो ते बघा: बाकीच्यावर मी फार जोर देणार नाही, पण शोधायलाच हवं असं मानल्याने आपण अधिक चांगले, धीट आणि कमी आळशी होऊ, एवढ्यासाठी मी शक्य तोवर शब्दाने आणि कृतीने झगडेन.

त्यानंतर अनिटस येतो, जो पुढे इ.स.पू. ३९९च्या खटल्यात सॉक्रेटिसवर आरोप करणाऱ्यांत होता. सद्गुण शिकवता येत नसावा हे दाखवायला सॉक्रेटिस त्याला अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याच्या मुलाचं उदाहरण देतो: क्लेओफान्टस घोड्यावर उभं राहून भाले फेकायचा, हे बापाने शिकवून घेतलं, पण बापाचं शहाणपण त्याच्यात आलं असं कुणी म्हणत नाही. दुसरा पुढारी पेरिक्लिस, त्याच्या मुलांचंही तेच. ९९ ला याचा हिशेब लागतो: हे पुढारी खऱ्या मतावर राज्य चालवत होते, दोर बांधलेला नव्हता, म्हणून दुसऱ्याला देता आलं नाही. अनिटसला मात्र ही उदाहरणंच झोंबतात, आणि त्याआधीच, ९४ई ला, तो बजावतो की तू लोकांबद्दल फार सहज वाईट बोलतोस, सांभाळून राहा.

सादरीकरण ८५बी ला थांबवू नका. ८४ए-सी ची कोंडी आणि ९४ई ची ही धमकी लागोपाठ वाचून दाखवा. ‘माहीत नाही’ म्हणायची वेळ आली तेव्हा मुलगा पुढे शोधत राहिला, अनिटस चिडला.